अर्धा आटा खोल

यंदा थंडी उशिरा पडली. मार्गशीर्ष निम्मा सरला तरी दुपारी पंखा लागत होता. मग एका सकाळी अंगणात आलो तर शेडच्या पत्र्यावरून दंवाचं पाणी ठिबकत होतं आणि शेजारी तुरीच्या शेंगा उकडत होत्या. मिठाच्या पाण्यात शिजणाऱ्या हिरव्या शेंगांचा वास या दिवसांत वडनेरात घरोघरी असतो. मला मात्र त्या वासामागून पेट्रोलचा वास येतो आणि एका वरातीतला बँड ऐकू येतो. तेहेतीस वर्षं झाली, दर थंडीत हे असंच होतं.

शेडमध्ये माझी गाडी उभी आहे. पांढरी, गोलसर, पूर्वी कचेऱ्यांच्या दारात असायच्या त्या जातीची. सरकारनं निकालात काढल्यावर लिलावातून आणली, तेव्हाच ती म्हातारी होती. गेल्या अकरा वर्षांत ती जागची हललेली नाही. मागच्या सीटवर कोंबड्यांनी संसार थाटला आहे. मुलगा पुण्याहून येतो तेव्हा तिच्याभोवती एक फेरी मारतो आणि विचारतो, "बाबा, भंगारवाल्याला बोलावू का?" दर वेळी मी म्हणतो, थांब. काऊन थांब, हे त्याला कधी सांगितलं नाही.

'काऊन' हा शब्द माझ्या लेखणीतून उतरला, याचं माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना नवल वाटेल. मी त्यांना मराठी शिकवलं, आणि हा शब्द वहीत आला की त्याच्याभोवती लाल गोल काढला.

या थंडीत मीच मुलाला फोन करून सांगितलं, या गाडीचा कार्बोरेटर कुठं मिळाला तर पाठव. जुना आतून गंजून गेला होता. त्यानं तीन आठवडे शोधाशोध केली आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात गुंडाळून एक पाठवला. फोनवर म्हणाला, "चालू करून जाणार कुठं?" मी म्हणालो, "कुठंच नाही. नुसती चालू करायची आहे."

तेही पूर्ण खरं नव्हतं. कार्बोरेटर हे निमित्त होतं. मला सुखदेव मिस्त्रींना घरी बोलवायचं होतं.

मी मूळचा पुण्याचा. नोकरी लागली ती वडनेर भोलजीच्या शाळेत, मराठीच्या शिक्षकाची. आलो तेव्हा दोन वर्षांत बदली करून घेईन असं वाटलं होतं. राहिलो तो कायमचा. पहिल्या महिन्यात वर्गातला एक मुलगा मला म्हणाला, "सर, मी जेऊन राह्यलो होतो म्हून उशीर झाला." त्याला म्हणायचं होतं, जेवत होतो; मला कळेना की हा जेवला, की राहिला, की जेवून कुठं राहिला. घरी पत्रातून हे कळवलं तेव्हा भावंडं हसली. मीही हसलो. मग मी फळ्यावर एक तक्ता सुरू केला. डावीकडे अशुद्ध, उजवीकडे शुद्ध. मले, मला. काऊन, का. लिवलं, लिहिलं. खोल, उघड. मुलं तो तक्ता वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेत आणि सुट्टीची घंटा झाली की डावीकडच्या भाषेत ओरडत पळून जात. मी दर वर्षी तो नव्यानं लिहीत असे. मला ते पुण्यकर्म वाटायचं.

सुखदेव मिस्त्रींचं गॅरेज हमरस्त्याला लागून होतं. चार खांब, वर पत्रा, एका बाजूला विटांची भिंत. भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर आणि तिच्या शेजारी शांत बसलेले बुद्ध, दोन्हींना रोज ताजी फुलं. हात ऑइलनं काळे असले तरी त्या दोन चौकटींच्या काचा मी कधी मळलेल्या पाहिल्या नाहीत. मी तेव्हा त्यांना सुखदेव म्हणायचो आणि अरे-तुरे करायचो. ते माझ्याहून पाचच वर्षांनी लहान. शेजारच्या किराणा दुकानदाराला, जो माझ्याहून दहा वर्षांनी लहान होता, मी अहो-जाहो करत असे. हेही आता लिहून ठेवायला हवं, म्हणून लिहितो.

ते सातवीपर्यंत शिकलेले होते आणि त्यांना लिहायची हौस होती. गाडीचं काम झालं की प्लगच्या रिकाम्या खोक्याचा एक तुकडा ते कापून घेत, कानावरची शिसपेन्सिल काढून त्यावर दोन-तीन ओळी लिहीत आणि तो पुठ्ठा बोनेटच्या आत तारेनं अडकवून देत. "ऑइल पाहून घे." "उताराले बंद करू नको." "पंख्याचा पट्टा नवा आहे, एकडाव ताण." अक्षर ठसठशीत, एकेका शब्दाला जोर दिलेलं. या सूचना ड्रायव्हर लोकांसाठी असत, म्हणून सगळ्या एकेरीत. मलकापूरपासून खामगावपर्यंत कोणत्याही गाडीचं बोनेट उघडावं आणि आत सुखदेव मिस्त्रींचा पुठ्ठा दिसावा, असे ते दिवस होते. मी एकदा गमतीनं म्हणालो होतो, "अरे, तू तर गाड्यांना गृहपाठ देतोस." ते म्हणाले, "गाडी पास होते सर. डायवरच नापास होतेत."

त्या थंडीत, म्हणजे तेहेतीस वर्षांपूर्वी, माझी गाडी अडायला लागली. सुखदेव मिस्त्रींनी बोनेटमध्ये डोकं घातलं, थोडा वेळ नुसतं ऐकलं आणि म्हणाले, "कारबोरेटर गेला. साफ करून भागाचं नाई, बदलाच लागन." नवा मिळाला तो अकोल्याहून. बसवायचा दिवस ठरला तो नेमका दादाराव पाटलांच्या मुलाच्या लग्नाच्या आदल्या दिवशी. पाटलांकडे जीप होती, ट्रॅक्टर होते, पण नवरदेवाला पांढरीच गाडी हवी होती आणि गावात पांढरी गाडी एकच. वरात जायची होती सोनाळ्याला, सातपुड्याच्या पायथ्याशी. गाडी मी स्वतः चालवणार होतो. पाटलांच्या मुलाचं लग्न आणि सारथी मराठीचे सर, याचा मला थोडा अभिमानही होता.

कार्बोरेटर म्हणजे काय, हे मला त्या दुपारी सुखदेव मिस्त्रींनी सांगितलं. पेट्रोल नुसतं जळत नाही, त्यात हवा मिसळावी लागते, आणि किती हवेला किती पेट्रोल हे ठरवतो तो हा डबा. गाडी पळत असते तेव्हा त्याचा एक रस्ता उघडा असतो. उभी असते किंवा रांगत असते तेव्हा दुसरा, अगदी बारीक, आणि त्या बारीक रस्त्याच्या तोंडाशी एक छोटा स्क्रू. तो आत घेतला की पेट्रोल कमी, बाहेर काढला की जास्त. "हा स्क्रू म्हंजे गाडीचा स्वभाव हाये सर," ते म्हणाले होते. पेचकसाची मूठ कानाला आणि टोक इंजिनाला लावून त्यांनी तो स्क्रू आधी पूर्ण आत टेकवला, मग दीड फेरा बाहेर घेतला, मग केसभर इकडे, केसभर तिकडे. इंजिनाचा आवाज आधी धापा टाकल्यासारखा होता, तो हळूहळू सपाट झाला. फेऱ्याला इकडे आटा म्हणतात. निघताना त्यांनी नेहमीप्रमाणे पुठ्ठा लिहिला, अडकवला आणि बोनेट लावलं. तोंडी मला काही सांगितलं नाही, कारण लिहिलेलं सर वाचतीलच, असं त्यांनी धरलं होतं. मास्तरानं वाचावं, एवढी त्यांची अपेक्षा होती.

लग्नाच्या सकाळी कडाका होता. पाटलांच्या वाड्यापुढे पऱ्हाट्यांची, कापसाच्या वाळक्या झाडांची, शेकोटी पेटलेली. थंड इंजिनाला जास्तीचं पेट्रोल देणारा चोक ओढून मी गाडी चालू केली. चोक आत लोटला की ती झटके देऊ लागे. बोनेट उघडलं आणि पुठ्ठा दिसला. नीट वाचता यावा म्हणून तारेतून काढून शेकोटीच्या उजेडात धरला. त्यावर एकच ओळ होती:

थंडीत झटके देईन त अर्धा आटा खोल.

मी ती वाचली आणि मला अर्थ लागला: अर्धा फेरा खोल. म्हणजे आत. विहीर खोल, जखम खोल, तसा स्क्रू खोल. 'देईन त' पाहून मनातल्या मनात दुरुस्तीही केली, 'देईल तर'. पुठ्ठा कोटाच्या खिशात टाकला, पेचकस घेतला आणि स्क्रू अर्धा फेरा आत घेतला. गाडी आणखी झटकली. मला वाटलं, पुरेसा खोल गेला नाही. आणखी अर्धा. मग आणखी अर्धा. शेवटी स्क्रू टेकला, फिरेना. मग मी चोक अर्धा ओढून ठेवला आणि गाडी कशीबशी धडधडत राहिली. "झाली दुरुस्त," मी नवरदेवाला म्हणालो.

रस्त्यावर ती उत्तम पळाली. पळताना तो बारीक रस्ता लागतच नाही, हे मला आज कळतं. गाडी गरम झाली तसा मी चोक आत लोटला. नांदुऱ्याच्या रेल्वे फाटकात उभी राहिली तेव्हा एकदा बंद पडली, पण ॲक्सिलरेटर दाबून चालू झाली. पुढं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस पांढरा फुटलेला होता आणि दूर सातपुडा धुरकट निळा. नवरदेव मागे बसून फेटा सांभाळत होता. मी स्वतःवर खूश होतो.

सोनाळ्याच्या वेशीशी बँड उभा होता. वरात म्हणजे गाडीनं बँडच्या मागं पायी चालणाऱ्याच्या वेगानं रांगायचं. आणि रांगायची तिची ताकद मी सकाळी स्वतःच्या हातानं बंद करून टाकली होती. दहा पावलं गेली, बंद. चालू केली, पाच पावलं, बंद. बँडवाल्यांना वाटलं मुद्दाम थांबलो, त्यांनी चाल बदलून पुन्हा पहिल्यापासून वाजवलं. मग बंद. मुलीकडची पोरं ओट्यांवर बसून मोजायला लागली, "सात! आठ! नऊ!" शेवटी वऱ्हाडी मंडळींनी धक्का लावला. नवे कपडे घातलेली माणसं घामानं भिजलेली आणि आत बसलेला नवरदेव मेल्याहून मेल्यासारखा. मुलीकडचा कोणीतरी ओरडला, "अरे, नवरदेव आनला का लोटगाडी?"

सुखदेव मिस्त्री मागच्या ट्रकमध्ये वऱ्हाडासोबत आले होते. पाटलांनी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं, गाडीला काही झालं तर हाताशी असावेत म्हणून. गर्दीतून वाट काढत ते पुढं आले. पांढरा सदरा, नवाकोरा. बोनेट उघडलं, पेचकस लावला, आणि त्यांच्या हाताला लगेच कळलं.

"कोनं कसला हा?" ते म्हणाले. "मी त खोलाले लिवलं होतं."

खोलाले. उघडायला, म्हणजे स्क्रू बाहेर घ्यायला. त्या एका प्रत्ययानं माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्याच आठवड्यात त्यांच्या मुलीची, वंदनाची, वही मी तपासली होती. आठवीत होती ती. निबंधात तिनं लिहिलं होतं, 'आईने सकाळी खिडकी खोलली', आणि मी 'खोलली'भोवती लाल गोल काढून वर लिहिलं होतं, 'उघडली'. शब्द मला माहीत नव्हता अशी सबबही मला नव्हती. माझ्या तक्त्यात तो डावीकडे होता. अशुद्ध म्हणून मी तो इतका दूर लोटला होता की समोर लिहिलेला असतानाही ओळखला नाही.

दादाराव पाटील तापले होते. "अबे मिस्त्री, कारबोरेटर बसवला का चुलीवरचं गाडगं? काय लिवलं होतं? कुठं लिवलं होतं?"

"पुठ्ठ्यावर, पाटील. बोनेटाले अडकवला होता."

"मंग दाखव न. का गाडीनं खाल्ला?"

लोक हसले. तार रिकामी लोंबत होती. सुखदेव मिस्त्रींनी ती पाहिली आणि मग माझ्याकडे पाहिलं. "सर, पुठ्ठा होता न?"

पुठ्ठा माझ्या कोटाच्या उजव्या खिशात होता. माझी बोटं त्याच्यावर होती. आजूबाजूला निम्मे माझ्या विद्यार्थ्यांचे बाप उभे होते. मराठीच्या मास्तराला एका ओळीचं मराठी वाक्य वाचता आलं नाही, ही गोष्ट त्या क्षणी मला जगातली सगळ्यात भयंकर गोष्ट वाटली. मी म्हणालो, "नाही. मला काही पुठ्ठा दिसला नाही."

वाक्य व्याकरणाच्या दृष्टीनं निर्दोष होतं.

मागून कोणीतरी म्हणालं, "यायच्या हाती गाडी देल्ली, तवाच समजलं होतं." 'यायच्या', यांच्या, म्हणजे कोणाच्या, हे त्या गर्दीत सगळ्यांना कळलं. मलाही कळलं. तरी मी खिशातून हात काढला नाही. सुखदेव मिस्त्रींनी खाली वाकून स्क्रू बाहेर घेतला, दीड आटा, वर केसभर. इंजिन सपाट आवाजात चालू झालं आणि मांडवापर्यंत एकदाही बंद पडलं नाही. त्यानं तर उलटंच झालं. लोक म्हणाले, पाहा, आता जमलं, म्हणजे आधी यानंच घोळ करून ठेवला होता. त्यांच्या नव्या सदऱ्याच्या बाहीला काळा डाग पडला होता. जेवणाच्या पंगतीत ते मला दिसले नाहीत.

त्या वरातीची गोष्ट पुढं कितीतरी लग्नांत सांगितली गेली. हळूहळू गाड्या मलकापूरला जायला लागल्या. गॅरेज बंद पडलं असं नाही. सुखदेव मिस्त्री वेल्डिंग करू लागले, ट्रॉल्या, नांगर, विहिरीवरच्या मोटारी. पोट भरत होतं. पण कार्बोरेटरला हात लावला नाही. आणि त्यानंतर कोणत्याही गाडीत त्यांचा पुठ्ठा कोणी पाहिला नाही. तो हमरस्त्याचा पट्टा तेवढ्यापुरता निरक्षर झाला.

मी काय केलं? वंदनाला निबंधात भरपूर गुण देत राहिलो आणि त्याला प्रायश्चित्त समजलो. फळ्यावरच्या तक्त्यातून एक जोडी गुपचूप गाळली, खोल आणि उघड. बाकीचा तक्ता निवृत्त होईपर्यंत चालू ठेवला. पुठ्ठा मी शब्दकोशात ठेवला होता. एकदा बायकोच्या हाती लागला. तिनं विचारलं, "हे काय?" मी म्हणालो, "खूण आहे." ती गेली तेव्हाही तिला एवढंच माहीत होतं. पुठ्ठा मी फेकून दिला नाही. फेकला असता तर माझं बोलणं खरं ठरलं असतं, एवढं मला कळत होतं.

परवा सुखदेवराव आले. आता मी त्यांना सुखदेवराव म्हणतो. एकाहत्तर वर्षांचे आहेत, गुडघे दुखतात, डाव्या कानानं ऐकू येत नाही आणि उजव्यानं थोडंसंच. निरोप धाडला तेव्हा वाटलं होतं येणार नाहीत. आले, शेडमध्ये डोकावले आणि कोंबडी फडफडत बाहेर पळाली तसे म्हणाले, "सर, गाडी हाये का खुराडं?"

"दोन्ही आहे."

"मंग आंघोयीनंच सुरुवात करा लागन."

आधी टाकीतलं सडलेलं पेट्रोल काढलं. मग जुना कार्बोरेटर. नट गंजले होते. त्यांनी त्यांवर तेल सोडलं आणि मला म्हणाले, चहा ठेवा, तवर सुटतेत. खरंच सुटले. जुन्या पॅकिंगचा चिकटलेला कागद ते पात्यानं खरवडत बसले, आरशासारखा पत्रा दिसेपर्यंत. "इथून हवा घुसली का मंग स्क्रू किती बी फिरवा, गाडी खोटंच बोलन." नवं पॅकिंग, मग नवा डबा, नट दोन्ही बाजूंनी थोडे थोडे आवळत. पेट्रोलची नळी, ॲक्सिलरेटरची दांडी, चोकची तार. प्रत्येक गोष्ट जोडली की ते मला आत बसवून पायडल दाबायला लावत आणि वाकून पाहत. शेजाऱ्यांकडून बॅटरी आणली. पंपाची दांडी हातानं वर-खाली करून पेट्रोल चढवलं. त्याचा वास शेडभर पसरला. बाहेर शेंगा उकडत होत्याच.

चौथ्या प्रयत्नाला गाडी चालू झाली. अकरा वर्षांची धूळ धुराड्यातून बाहेर पडली आणि कोंबड्या भिंतीवर चढल्या. ती गरम होईपर्यंत आम्ही दोघं बोनेटजवळ उभे होतो. मग त्यांनी माझ्याकडे स्टीलचा पेला मागितला, काठोकाठ पाणी भरून इंजिनावर ठेवला.

"हे कशाला?"

"कान गेले न सर. आता पान्याले इचारतो."

पाणी शहारत होतं, काठावरून सांडत होतं. त्यांनी पेचकस लावला. स्क्रू बुडाला टेकेपर्यंत आत, जोर न लावता, मग दीड आटा बाहेर. नजर पाण्यावर. केसभर इकडे, केसभर तिकडे. पाण्यावरचे वेडेवाकडे शहारे हळूहळू गोल झाले, मग बारीक झाले, मग नुसत्या कडेला राहिले. मला आवाज ऐकू येत होता. तो सपाट झाला होता. त्यांना दिसत होतं. "बसला," ते म्हणाले.

मी गाडी बंद केली आणि शब्दकोश घेऊन आलो. पुठ्ठा काढून त्यांच्या हातात दिला.

त्यांनी पुठ्ठा दूर धरला, मग जवळ. "माह्यंच अक्षर हाये," ते म्हणाले. मग वाचलं.

"सोनाळ्याले होता हा तुमच्याजवळ?"

"हो."

"खिशात?"

"हो. मी खोल म्हणजे आत असं वाचलं. आणि मग खोटं बोललो."

ते शेडमधल्या एका लाकडी खोक्यावर बसले. त्यांचा आवाज वर गेला नाही. "मले काय वाटे, सांगू? पयले दोन-चार वर्षं वाटे, म्या लिवलं होतं. मंग लोकं इतके बोलले का मलेच वाटाले लागलं, नसन लिवलं. माह्याच्यानं राह्यलं असन आन् पाटलापुढं म्या खोटं सांगितलं. वंदनाले बी मी तसंच सांगतलं. तुह्या बापाकून चूक झाली, अन् वरून खोटं बोलला, म्हून. तिनं तेच खरं मानलं." त्यांनी पुठ्ठा उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "म्हून लिवनं सोडलं, सर. आपलाच आपल्याले भरोसा नाई, त कायले लिवाचं?"

मी त्यांचं काम घालवलं, असं मी इतकी वर्षं समजत होतो. काम परत उभं करता येतं, त्यांनी केलंही. मी त्यांची स्वतःच्या शब्दावरची खात्री घालवली होती, हे मला त्या खोक्याजवळ उभं असताना कळलं. मी माफी मागितली. ती त्यांनी ऐकली की नाही ठाऊक नाही, कारण मी डाव्या बाजूला उभा होतो. दुसऱ्यांदा मागायला उजव्या बाजूला गेलो तर त्यांनी हातानं थांबवलं.

"मले सांगून काय होते? मी एकटा त नव्हतो तिथं. ज्यायनं ऐकलं त्यायले सांगा. तुमाले लिवता येते न? मंग लिवा."

म्हणून हे लिहितो आहे. त्या वरातीतली माणसं, जी आहेत, आणि त्यांच्या मुला-नातवंडांपैकी ज्यांनी ती गोष्ट हसत ऐकली, त्यांनी हे वाचावं. सुखदेवरावांनी कार्बोरेटर नीट बसवला होता. सूचना लिहून दिली होती आणि ती बरोबर होती. स्क्रू मी फिरवला, उलटा फिरवला, आणि पुठ्ठा माझ्या खिशात असताना तो नव्हता असं मी सांगितलं. दादाराव पाटील आज नाहीत. त्यांच्या मुलाला, त्या दिवशीच्या नवरदेवाला, मी काल घरी जाऊन हे सांगून आलो. तो म्हणाला, "जाऊ द्या न सर, कायची जुनी गोष्ट घेऊन बसले." मी म्हणालो, "जाऊ देणार नाही."

जाताना सुखदेवरावांनी पुठ्ठा खिशात घातला. "हा मी नेतो. वंदनाले दाखवतो." वंदना आता मेहकरकडे शाळेत गणित शिकवते. तिचा फोन अजून आलेला नाही. येईल तेव्हा ती काय बोलेल, याची मला भीती वाटते, आणि ती वाटायलाच हवी.

पण त्याआधी एक गोष्ट झाली. ते उठले, कार्बोरेटर आला होता त्या खोक्याची एक बाजू त्यांनी पात्यानं कापली आणि माझ्याकडे पेन मागितलं. हातात धरलं, दोनदा टेकवलं, पण इतक्या जवळचं नीट दिसेना. वेल्डिंगनं डोळेही अधू झालेले. पेन त्यांनी माझ्या हातात दिलं.

"तुमी लिवा. मी सांगतो."

मी पुठ्ठा गुडघ्यावर घेतला. शाळेत मुलं श्रुतलेखनाला बसत तसा बसलो.

"थंडीत झटके देईन त," ते म्हणाले आणि थांबले. मी लिहितो आहे की नाही हे पाहण्यासाठी वाकले. मी लिहिलं होतं, 'देईन त'.

"अर्धा आटा," ते म्हणाले.

मी लिहिलं. मग ते माझ्याकडे पाहत राहिले. पुढचा शब्द सांगेनात. त्यांना पाहायचं होतं.

मी तो लिहिला. त्यांनी वाचला, पुठ्ठ्याला भोक पाडलं आणि बोनेटच्या आतल्या तारेला अडकवला.